कवळाण्याचे गोपाळराव, बडोद्याचे सयाजीराव

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ साली नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, कवळाणे या गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव गायकवाड घराण्याच्या एका दूरच्या शाखेतले; कूळ राजाचे, पण घर शेतकऱ्याचे. बारा वर्षांच्या मुलाला अक्षरओळखही नव्हती.

हा मुलगा गादीवर आला तो एका विषप्रयोगाच्या प्रकरणामुळे. नोव्हेंबर १८७४ मध्ये बडोद्याचे ब्रिटिश रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष आढळले आणि संशय महाराज मल्हारराव यांच्यावर गेला. चौकशी आयोगातल्या तीन इंग्रज सदस्यांनी त्यांना दोषी मानले, तिघा हिंदी सदस्यांनी मानले नाही. मग सरकारने गैरकारभाराचे कारण पुढे करून त्यांना पदच्युत केले. आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. काशीरावांच्या मुलांतून त्यांनी गोपाळरावांची निवड केली आणि २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले. एलियट हे शिक्षक आणि दिवाण टी. माधवराव यांनी पुढची सहा वर्षे त्यांना घडवले. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्यकारभार त्यांच्या हाती आला.

इंग्रजांच्या परवानगीने गादीवर आलेला आणि त्यांच्या देखरेखीखाली शिकलेला हा राजा इंग्रजांचाच होऊन राहील, हा हिशेब मात्र चुकला. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ मध्ये तो राज्यभर लागू झाला. ब्रिटिश हिंदुस्थानात गोपाळ कृष्ण गोखल्यांचे तसेच विधेयक १९११ मध्ये मांडले गेले, पण ते मंजूर झाले नाही. १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून गावोगावी पोहोचणाऱ्या सार्वजनिक वाचनालयांचे जाळे विणले गेले. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा स्थापन झाली. १९१३ मध्ये तरुण भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेही बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर.

याच काळात देशात क्रांतिकारी चळवळ भडकली आणि बडोद्याकडे संशयाने पाहिले जाऊ लागले. पुढे क्रांतिकारी चळवळीत उतरलेले अरविंद घोष १८९३ पासून १९०६ पर्यंत बडोद्याच्या नोकरीत होते. महाराजांची काही भाषणे आणि टिपणे तयार करण्याचे कामही त्यांच्याकडे असे. दुसरीकडे सावरकरांच्या अभिनव भारत या क्रांतिकारी संघटनेचे केंद्र महाराजांच्या जन्मजिल्ह्यात, नाशिकमध्ये होते, आणि डिसेंबर १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी तिथल्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांना गोळ्या घालून ठार केले. त्याच्या महिनाभर आधी अहमदाबादेत व्हाइसरॉय मिंटो यांच्यावर बाँब फेकला गेला होता. राजद्रोह दडपण्याबाबत मिंटो यांनी सयाजीरावांसह संस्थानिकांची मते मागवली होती.

१२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात हा ताण चव्हाट्यावर आला. पंचम जॉर्ज यांच्यापुढे संस्थानिकांनी वाकून मुजरा करायचा आणि पाठ न दाखवता मागे सरायचे, असा शिरस्ता ठरला होता. सयाजीरावांनी एकदाच किंचित मान लववली आणि पाठ फिरवून ते चालू लागले. इंग्रजी वर्तमानपत्रांत गहजब झाला. दरबाराच्या चित्रफितीही लोकांनी बारकाईने पाहिल्या. महाराजांनी व्हाइसरॉय हार्डिंग यांना पत्र पाठवून दिलगिरी व्यक्त केली आणि घडले ते गोंधळामुळे, असा खुलासा केला. गोंधळ खरा होता की सोयीचा, यावर अजून वाद होतो. एवढे खरे की ते क्रांतिकारक नव्हते. राज्याचा कारभार आपल्या मर्जीने चालावा, रेसिडेंटच्या नव्हे, हा त्यांचा हट्ट होता. आणि त्या काळी तेवढेही संशयाला पुरेसे असे.

तोच अधिकार प्रजेला देताना मात्र त्यांचा हात आखडला. १९०८ मध्ये धारासभा, म्हणजे कायदेमंडळ, स्थापन झाली, पण तिला अधिकार नाममात्र होते. त्यांच्या वारंवार होणाऱ्या युरोपवाऱ्यांवरही टीका होत असे. सामाजिक कायद्यांत मात्र त्यांनी कच खाल्ली नाही: १९०४ मध्ये बालविवाहास प्रतिबंध झाला आणि १९३१ मध्ये हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला. महाराणी चिमणाबाई १९२७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

सुमारे चौसष्ट वर्षांच्या राजवटीनंतर ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत सयाजीरावांचे निधन झाले. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि दहा वर्षांनी, १ मे १९४९ रोजी, बडोदा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले.