गोधडी शिवण्यापूर्वी शिलाई मशीनची तयारी

हाताने गोधडी शिवताना सुई वरून खाली जाते, खालून वर येते आणि बोटे सगळे थर जागच्या जागी धरून ठेवतात. आपली गोधडी, उत्तर कर्नाटकातील कौदी, उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांची कवंदी, या सगळ्या धावदोऱ्याच्याच. त्यांत कापड पुढे ढकलणारे यंत्र कुठेच नसते. शिलाई मशीनमध्ये ते असते, आणि अडचणीची सुरुवात तिथूनच होते.

मशीनच्या पट्टीतून वर येणारे दाते फक्त खालच्या कापडाला पुढे नेतात. वरून प्रेसर फूट दाबून धरते, म्हणजे वरच्या कापडाला ते थोडे मागेच ओढते. दोन पातळ कापडे शिवताना हा फरक जाणवत नाही. पण वरचे कापड, मधला कापसाचा थर आणि खालचे अस्तर असे तिन्ही एकत्र घेतले की वरचा थर मागे राहतो, पुढे गोळा होतो आणि शेवटी चुणी पडते. मशीनची सगळी तयारी करायची ती तिन्ही थर एकाच चालीने पुढे सरकावेत म्हणून.

उदाहरणासाठी बेंगळुरूतील एक घर घेऊ. भावसार आणि नामदेव शिंपी समाजांतील अनेक मराठी भाषक कुटुंबे या शहरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि शिवणकाम हा त्यांचा जुना व्यवसाय. समजा, अशा घरातील काळ्या पायमशीनवर तुम्हाला आजीच्या नऊवारी लुगड्याची गोधडी शिवायची आहे. जुने सूत विरलेले असते. चुकलेली शीव उसवली तर सुईची भोके राहतात, कधी कापडच फाटते. म्हणून तयारी आधी, लुगडे नंतर.

प्रथम सुईखालची पट्टी काढून दात्यांमधला आणि बॉबिन केसमधला कापसाचा भुगा ब्रशने झाडा. मशीन विजेवर चालणारी असेल तर आधी प्लग काढा. मग तेल. घरात सहज मिळते म्हणून काही जण खोबरेल तेल घालतात, ते कटाक्षाने टाळा. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली गोठू लागते. बेंगळुरूत डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तापमान १५-१६ अंशांपर्यंत येते. सकाळी चाक जड फिरते ते त्यामुळेच. शिलाई मशीनचे पातळ तेल एकेक थेंब घाला आणि चिंधीवर दोन-चार वेळा शिवून जास्तीचे तेल टिपून घ्या.

सुई नवी घाला. चिकपेटेत घरगुती आणि कारखान्याच्या, दोन्ही मशीनच्या सुया मिळतात. गारमेंट उद्योगाचेच शहर ते. घरगुती मशीनच्या सुईचा दांडा एका बाजूने सपाट असतो, कारखान्याच्या मशीनच्या सुईचा गोल. विकत घेताना तेवढे पाहा. जुन्या सुती कापडाच्या तीन थरांना ९०/१४ क्रमांकाची सुई सहसा पुरते. टाक्याची लांबी २.५ ते ३ मिलिमीटर ठेवा. फार बारीक टाका विरलेल्या सुताला कापतो.

दोरा ओवताना प्रेसर फूट वर उचललेले असू द्या, तरच दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसतो. शिवल्यावर वरचा दोरा अस्तराच्या बाजूला फासांसारखा दिसला तर वरचे टेन्शन सैल आहे. खालचा दोरा वर ओढला गेला तर ते घट्ट आहे. गाठ मधल्या थरात लपली पाहिजे. आधी वरची चकतीच फिरवा. बॉबिन केसच्या छोट्या स्क्रूला सगळ्यात शेवटी हात लावा.

आता फुटाचा दाब. याकडे बहुतेकांचे लक्षच जात नाही. काळ्या मशीनवर फुटाच्या दांड्याच्या माथ्यावर एक स्क्रू असतो. तो थोडा सैल केला की दाब कमी होतो आणि वरचा थर मागे ओढला जात नाही. सरळ रेषांसाठी वॉकिंग फूट मिळाले तर उत्तम, कारण त्याला स्वतःचे दाते असतात आणि ते वरचे कापडही पुढे नेतात. वेलबुट्टीसारख्या फिरत्या शिवणीसाठी दार्निंग फूट लावतात आणि दाते खाली उतरवतात. मग कापड पूर्णपणे तुमच्या हातांनी चालते.

गोधडीचे वजन टेबलावर पेलले गेले पाहिजे. ती खाली लोंबली तर सुई वाकते आणि टाके लहानमोठे पडतात.

शेवटी चाचणी. वरचे कापड आणि अस्तर यांच्या बरोबर २० सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापा, मध्ये कापूस ठेवा, फक्त सुरुवातीला टाचणी लावा आणि न ओढता शिवा. वरची पट्टी शेवटी ५ मिलिमीटर पुढे उरली, तर त्याच हिशेबाने २ मीटरच्या गोधडीत ५ सेंटिमीटर कापड उरेल आणि तेच चुण्यांमध्ये जाईल. दाब आणखी थोडा कमी करा, पुन्हा शिवा. दोन्ही टोके जुळली की टाक्याची लांबी, टेन्शन आणि सुईचा क्रमांक त्याच पट्टीवर पेनने लिहून ठेवा, आणि मग लुगड्याला कात्री लावा.