पाइपावरचे मोर्तब

माझ्या फडताळात दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवलेल्या आहेत: जुन्नरच्या आठवडे बाजारात घेतलेली मातीची चिलीम, आणि पुण्याच्या जुन्या बाजारात हाती आलेला, लंडनमध्ये हाताने घडवलेला लाकडी पाइप. धूम्रपानाचे व्यसन मला नाही, ते कुणाला लागावे अशी इच्छाही नाही. परंतु ज्या दख्खनमधून, विजापुराहून, मुघल वकील असद बेगाने 1604 च्या सुमारास तंबाखू आणि रत्नजडित नळी अकबराच्या दरबारी पेश केली, आणि हकिमाची हरकत बाजूला सारून बादशहाने झुरके घेतले, त्या दख्खनच्या रहिवाशाने या उपकरणांकडे केवळ नाक मुरडून पाहावे, हे रसिकतेस शोभत नाही.

इंग्रजी पाइपाचे मोल त्याच्या लाकडात आहे, आणि ते लाकूड इंग्लंडचे मुळीच नव्हे. कोर्सिका, सार्डिनिया, अल्जीरिया अशा भूमध्य समुद्राकाठच्या रूक्ष डोंगरांवर ‘एरिका आर्बोरिया’ नावाचे झुडूप वाढते. त्याच्या मुळाशी, जमिनीच्या पोटात, वर्षानुवर्षे पोसलेली गाठ खणून काढतात, तासन्‌तास उकळून तिचा रस घालवतात, आणि मग महिनोन्‌महिने सुकू देतात. निखाऱ्याची धग सोसणारे हे लाकूड म्हणजे ब्रायर. त्याच्या नसा ज्वालेसारख्या सरळ वर गेल्या असतील तर पाइप अव्वल. परंतु गाठीत खळगे निघणे इतके नित्याचे, की निर्दोष ठोकळा विरळाच लाभतो, आणि कित्येक कारागीर ते खळगे लुकणाने बुजवून वर रंगाचा हात फिरवतात. अल्फ्रेड डनहिल यांनी 1907 साली लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर दुकान थाटले आणि 1910 पासून स्वतःचे पाइप घडवावयास घेतले. पुढे त्यांच्या कारखान्याने वाळूच्या फवाऱ्याने मऊ लाकूड झिजवून कठीण नसा उठावदार करण्याची युक्ती काढली. असा पाइप हातात घेतला की पावसाने धुतलेल्या सह्याद्रीच्या कातळाची आठवण होते.

मात्र संग्राहकाची खरी कसोटी लाकडात नाही, ती अक्षरांत आहे. जुन्नरच्या कागद्यांनी केलेल्या कागदावरची पेशवाई सनद ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावण्याची गरज नाही: मजकूर कितीही गोड असो, शिक्का आणि मोर्तब नसेल तर दफ्तरदार तो कागद रुजू करून घेणार नाही. पाइपाच्या दांड्यावर नाव ठसवलेले असते. डनहिलच्या नळीवर पांढरा ठिपका असतो, तो मूलतः नळीची वरची बाजू कोणती हे कळावे म्हणून. आणि मुलुखाच्या नावापुढच्या बारीक अंकावरून घडणीचे सालही काढता येते. 1879 साली फ्रान्सहून लंडनला आलेल्या कोमॉयांच्या जुन्या पाइपाच्या नळीत तीन तुकड्यांनी जडवलेला ‘सी’ दिसतो. बार्लिंग हे मुळात चांदीकाम करणारे घराणे, तेव्हा त्यांच्या चांदीच्या कड्यावर चांदीची पारख, शहर आणि साल, सगळेच ठसवलेले. हे सारे ठसे उथळ असतात, आणि आपल्याकडचा हौशी विक्रेता माल चकचकीत व्हावा म्हणून पॉलिशच्या चाकावर पाइप धरतो, तेव्हा त्याच्या हातून शंभर वर्षांचा दस्तऐवज पुसला जातो. काळवंडलेला, परंतु ठसा शाबूत असलेला पाइप घ्यावा. गुळगुळीत झालेला, कितीही देखणा असला तरी, परत ठेवावा.

आता शेजारच्या चिलमीकडे वळलो की अडचण उभी राहते. तिच्यात तंबाखू खाली उतरू नये म्हणून घातलेला खडा आहे, तोंडाशी छापीचा, म्हणजे गुंडाळायच्या ओल्या फडक्याचा, डाग आहे. घडवणाऱ्याचे नाव कुठेच नाही. असल्या निनावी वस्तूंना मोल असते हे ओळखणारा माणूस पुण्यात होऊन गेला: चष्म्याच्या व्यवसायातले दिनकर गंगाधर केळकर, ज्यांनी अडकित्ते, दिवे, हुक्के गावोगाव हिंडून जमवले आणि 1962 साली तो संग्रह दिवंगत पुत्राच्या नावाने सरकारच्या स्वाधीन केला. निनावी वस्तूला साल आणि गाव तोंडी हकिकतीतूनच मिळते, आणि ती सांगणारी माणसे चालली आहेत. वस्तूही टिकत नाहीत: डिंभे धरणाच्या पाण्यात मूळ आंबेगाव बुडाले, आणि घर हलवताना माळ्यावरची अडगळ पहिली टाकली जाते हे कोणत्याही बिऱ्हाडाला ठाऊक आहे.

तेव्हा जुन्नर-आंबेगावच्या वाचकांस एवढीच विनंती: आजोबांची गुडगुडी पितळेच्या भावाने मोडीत घालण्यापूर्वी ती कुणाची, कुठून आणली, कोणत्या सालची, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून एका चिठ्ठीवर लिहावे आणि ती चिठ्ठी तिच्या नळीला बांधून ठेवावी.