आभाळानं नाकारलेलं स्थळ

१९३० सालच्या डिसेंबरात झुरिकला एक मोठा नाच होता, आणि वुल्फगांग पाउली नावाच्या तिशीतल्या गड्याला तो काही केल्या चुकवायचा नव्हता, म्हणून ट्यूबिंगेनला जमलेल्या किरणोत्साराच्या जाणकारांना त्यानं नुसतं पत्र धाडलं, आणि त्या पत्रात एका नव्या कणाला जन्म देऊन टाकला. झालं होतं असं, पोरांनो, की काही अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडताना थोडी ऊर्जा कुठं जाते ते कळत नव्हतं, आणि पाउली म्हणाला, कुणालाही न दिसणारा, विजेचा भार नसलेला एखादा कण ती घेऊन पळत असणार. नाचापायी येता येत नाही, हेही त्यानं त्यातच लिहिलं. ह्या कणाला पुढं न्यूट्रिनो म्हणू लागले.

तो हाती लागायला १९५६ साल उजाडलं, कारण हा पठ्ठ्या अख्ख्या पृथ्वीतून जातो आणि वाटेत कुणाला धक्का लावत नाही. आपल्याकडचंही सांगून ठेवतो: १९६५ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची मंडळी जपानी नि इंग्रज सोबत्यांना घेऊन कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उतरली आणि वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो त्यांनी टिपले. सोन्याच्या खाणीतून काढलेला असला माल दुसरा नसेल!

आता जरा आभाळाकडं बघू. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकीनं कोमा नावाच्या दीर्घिकांच्या थव्याचं गणित मांडलं, तर त्या दीर्घिका इतक्या जोरात धावताना दिसल्या की दिसणाऱ्या वजनानं त्या एकत्र राहूच नयेत; म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. आज आपण म्हणतो की साध्या द्रव्याचा एक वाटा असेल तर ह्या न दिसणाऱ्याचे पाच. मग हे आहे तरी कोण? ह्या अंधाऱ्या द्रव्यासाठी स्थळं बघायला लागल्यावर पहिलं डोळ्यांत भरलं ते न्यूट्रिनोचं. एक तर ते खरोखरीचं होतं, कागदावरचं नव्हे. आणि गोतावळा केवढा, तर विश्वाच्या पहिल्या सेकंदापासूनचे उरलेले न्यूट्रिनो आजही घनसेंटिमीटरला ३३६ च्या आसपास आहेत, ह्या क्षणी तुमच्या मुठीतसुद्धा.

पण स्थळ म्हटलं की वजन विचारणं आलं. १९६६ साली रशियात गेर्श्टाइन आणि झेल्दोविच यांनी, आणि १९७२ साली मुंबईच्या त्याच संस्थेत तयार झालेले रामनाथ कौशिक आणि त्यांचे सोबती मॅक्लेलंड यांनी बर्कलीत बसून, एक सरळ भागाकार केला: विश्व ज्या वेगानं पसरतंय त्यावरून त्याच्या एकूण वजनाला हद्द पडते, त्या वजनाला न्यूट्रिनोंच्या संख्येनं भागा, की एकेकाचं वजन किती असू शकतं ते कळतं. तराजू नाही, प्रयोगशाळा नाही! मला तर ह्या भागाकाराचं कौतुक आवरत नाही.

१९८० साली मॉस्कोच्या एका गटानं सांगितलं, न्यूट्रिनोचं वजन ३० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या सतरा हजाराव्या भागाइतकं. एवढ्यानं अंधाऱ्या द्रव्याची सगळी भरपाई व्हायची, सुपारी फुटायचीच काय ती बाकी होती.

आणि मग स्वभाव आडवा आला. न्यूट्रिनोच्या पायाला भिंगरी. विश्वाच्या बाळपणी तो जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं हुंदडला, आणि दीर्घिकांची बीजं व्हावीत अशा लहान गाठी त्यानं पसरून सपाट केल्या. १९८३ साली व्हाइट, फ्रेंक आणि डेव्हिस यांनी संगणकावर न्यूट्रिनोंचं विश्व चालवून पाहिलं, तर आधी अजस्र ढीग बनायचे आणि दीर्घिका फार उशिरा, परवा-कालच्या; आणि आपल्याच आकाशगंगेत बारा अब्ज वर्षांहून म्हातारे तारे बसलेले! लेकाच्या आधी नातू म्हातारा, असं कुठं असतं का?

दुसरी खोट तर मजेशीर. पाउलीनंच १९२५ साली नियम घातला होता की इलेक्ट्रॉनच्या जातीच्या दोघा सारख्या कणांनी एकाच स्थितीत बसायचं नाही, आणि न्यूट्रिनोही त्याच जातीचा निघाला. १९७९ साली ट्रेमेन आणि गन म्हणाले, मग एका दीर्घिकेत असे किती कोंबाल? पुढं ड्रॅकोसारख्या अगदी बुटक्या दीर्घिकांतही अंधारं द्रव्य दाटलेलं दिसलं. तिथं वजन भरायचं तर एकेक न्यूट्रिनो शेकडो इलेक्ट्रॉनव्होल्टचा हवा, आणि तेवढा जड धरला की कौशिकांच्या भागाकारानं सगळं विश्वच वाजवीपेक्षा जड होतं. बापाच्या कायद्यानं पोराचं लग्न मोडलं! मॉस्कोचं मापही पुढं टिकलं नाही.

आता तर प्लँक दुर्बिणीच्या मोजणीवरून न्यूट्रिनोंच्या तिन्ही प्रकारांचं मिळून वजन ०.१२ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आत धरतात, म्हणजे अंधाऱ्या द्रव्यात त्यांचा वाटा फार तर शंभरात एखादा. कुणीही नवा कण सुचवला की त्यालाही हीच तपासणी: वजनात बसतो का, आणि दीर्घिका जन्मायच्या वेळी पुरेसा संथ होता का.

असा एखादा संथ, जड कण पकडायला इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखाली आणि चीनमधल्या जिनपिंगला झेनॉन वायू द्रवरूपात भरून मंडळी वाट बघत बसली आहेत. तो अजून आलेला नाही. २०२४ साली दोन्हीकडं काही हलक्या ठोक्यांची चाहूल लागली, आणि ते ठोके, बहुतेक, सूर्याकडून आलेल्या न्यूट्रिनोंचे होते.