ब्रेक टाईट केला, पण लायनरचं काय?

मुलांना शाळेत सोडणं, बँक, दळण, भाजी, संध्याकाळचा क्लास... स्कूटीशिवाय आता आपलं पान हलत नाही. गाडी पुसणं, पेट्रोल, हवा हे सगळं आपण बघतो. ब्रेकचा विषय निघाला, की मात्र ‘ते मेकॅनिक बघेल’ म्हणून मोकळ्या होतो. ब्रेक कमी लागायला लागला, की तो मागच्या चाकाजवळचा नट दोन आटे फिरवून देतो आणि आपण खूश!

पण मैत्रिणींनो, नट आवळल्याने ब्रेक नवा होत नाही. चाकातल्या ड्रमला आतून घासून गाडी थांबवतो तो लायनर. नट आवळला, की झिजलेला लायनर ड्रमच्या थोडा जवळ येतो, एवढंच. तो संपत आला असेल तर बदलायलाच हवा. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात ११ मीटर पुढे जाते. समोर अचानक कुत्रं आलं, तर हाताशी फार वेळ नसतो. त्यात मागे पोरगं बसलेलं असतं.

लायनर संपला हे चाक न खोलताही कळतं. बऱ्याच स्कूटरवर मागच्या चाकापाशी, जिथे ब्रेकची केबल येते, तिथे एक छोटा बाण असतो आणि शेजारी एक खूण. कुणाला तरी ब्रेक पूर्ण दाबून धरायला सांगा आणि वाकून बघा. बाण खुणेपाशी पोचला, की लायनर बदलायची वेळ झाली. आता नट आवळण्यात अर्थ नाही. कर्रकर्र आवाज येऊ लागला, तर आणखी थांबूच नका. लोखंडावर लोखंड घासून ड्रम खराब होतो आणि काहीशे रुपयांचं काम काही हजारांवर जातं.

पुढच्या चाकाला डिस्क असेल, तर तिथे लायनरऐवजी पॅड असतात. दोन पॅड मिळून चकतीला चिमटीत धरतात. पॅडवर खाच असते. ती पुसट झाली, की पॅड संपले. ते बदलताना चकतीकडेही बघायला सांगा. चकतीवर तिची किमान जाडी कोरलेली असते. त्याहून ती पातळ झाली असेल किंवा तिच्यावर खोल चरे पडले असतील, तर नुसते नवे पॅड घालून उपयोग नाही. ते नीट बसत नाहीत आणि लवकर झिजतात.

दुकानात गेलात, की गाडीचं मॉडेल आणि साल सांगा. पार्ट कंपनीचा, सीलबंद पाकिटातला मागा. छापील किंमत बघा, बिल घ्या. पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा आणि जुना पार्ट परत मागा. यात संकोच कसला? साडी घेताना आपण पदर उलगडून बघतोच ना! लायनर असो वा पॅड, जोडीनेच बदला. ‘एकच बदलू, दुसरा चांगला आहे’ हे ऐकू नका. रेसिंगच्या बाईकसाठी धातूची पूड दाबून केलेले कडक पॅड मिळतात. त्यांनी चकती लवकर झिजू शकते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला कंपनीने दिले तसेच पॅड पुरतात.

लायनर काढल्यावर ड्रममधली काळी भुकटी हवेने उडवू देऊ नका. काही लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसायला सांगा, आणि मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा. नव्या लायनरला किंवा पॅडला तेलाचा, ग्रीसचा हात लागता कामा नये. तेल लागलं, की ब्रेक पकडत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं पुढे आहे. नवे पॅड घातल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला, की तो पोकळ जाऊ शकतो! म्हणून गाडी उभी असतानाच चार-पाच वेळा ब्रेक दाबा. तो घट्ट लागला, तरच निघा. तरीही तो मऊ लागत असेल, तर नळीत हवा शिरलेली असू शकते; ती काढून घ्या. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, ते साधारण दोन वर्षांनी बदलावं. नवे पार्ट बसायला थोडे दिवस लागतात. सुरुवातीचे शंभरेक किलोमीटर गाडी हळू आणि अंतर राखून चालवा.

आता एक भीती. ‘पुढचा ब्रेक लावू नकोस, उलटशील’ असं बहुतेकींना शिकवलेलं असतं. खरं तर ब्रेक लागताच वजन पुढे येतं आणि पुढचं चाकच जास्त थांबवतं. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू दाबत जावेत. झटका देऊ नये. वळणावर आणि वाळूवर तर नाहीच. सरकारने १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना एकत्र लागणारे ब्रेक किंवा एबीएस सक्तीचं केलं, ते याचसाठी. पण ब्रेक एकत्र लागले, तरी आत लायनर असायला हवा ना?

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी टाकताना ‘ब्रेक टाईट करा’ म्हणू नका. ‘लायनर किती उरलाय, दाखवा’ म्हणा.