टॉवर बंद पडल्यावर

आमच्या पांढुर्णा-सौंसर पट्ट्यात पावसाळा तोंडावर आला की विजेची धास्ती असते. संत्र्याच्या बागेतला मजूर सर आली की झाडाखालीच धावतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप त्याला वेळीच सावध करू शकतं. पण त्याला स्मार्टफोन हवा, इंटरनेट हवं. २०२३ मध्ये ठिकठिकाणी फोन एकदम भोंग्यासारखे वाजले, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. त्यात टॉवर आपल्या टापूतल्या फोनना एकाच वेळी इशारा देतो. नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, कॉलची गर्दी आड येत नाही. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही. पण टॉवर चालू पाहिजे.

तोच बंद पडला तर? मी सौंसरला विज्ञान शिकवतो, हौशी रेडिओचा परवानाही आहे. ट्रॅक्टरची बारा व्होल्टची बॅटरी सेटला लावायची, दोन चिंचांच्या मधे वीसेक मीटर तार ताणायची आणि सात मेगाहर्ट्झवर हाक द्यायची. शेकडो किलोमीटरवरून उत्तर येतं. मधे ना टॉवर, ना कंपनी.

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर हौशी रेडिओवाले मदतीला धावले होते. २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद यांचा चमू याच छंदापायी पोर्ट ब्लेअरमध्ये होता. फोन बंद पडले आणि अंदमानचे निरोप त्यांच्या सेटवरून देशात पोचले. परदेशी पथकांची अशी यंत्रं कस्टममध्ये अडकू नयेत म्हणून १९९८ मध्ये फिनलंडमध्ये टांपेरे करार झाला.

यंत्राइतकाच निरोपही नीट घडवावा लागतो. 'लवकर मदत पाठवा' याचा उपयोग नाही. गाव कोणतं, जखमी किती, रस्ता कुठपर्यंत चालू, आधी काय हवं: डॉक्टर, पाणी की होडी? निरोपाला क्रमांक आणि वेळ द्यायची. घेणाऱ्याने तो शब्दन्‌शब्द परत वाचायचा; आकडा चुकला तर औषधं भलत्याच गावी जातात. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त सराव याचाच होतो.

पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याच्या प्रत्येक तहसिलीत एक सेट आणि तो चालवणारी चार माणसं असलीच पाहिजेत. बारा वर्षं पूर्ण झालेल्या मुलालाही केंद्र सरकारची हौशी रेडिओ परवान्याची परीक्षा देता येते. त्यातल्या 'रिस्ट्रिक्टेड' श्रेणीला मोर्स संकेतही यावे लागत नाहीत. मुख्याध्यापकांनो, यंदा आपल्या शाळेतली चार मुलं तरी या परीक्षेला बसवा.