उंची नव्हे, वेग विचारा

अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली. गावातल्या अनेकांनी तिचे शेअर घेतले. पुढे तीच कंपनी संगणकाकडे वळली, विप्रो झाली आणि शेअर न विकणाऱ्या घरांचे सोने झाले. त्यामुळे ‘शेअर धरून ठेवा’ या सल्ल्याला खानदेशात वजन आहे. उपग्रह सोडणाऱ्या कंपनीत पैसे घालायचे तर मात्र धीराला थोड्या भौतिकशास्त्राची जोड हवी.

हैदराबादच्या स्कायरूटचे ‘विक्रम-एस’ १८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोटाहून उडाले आणि ८९.५ किलोमीटर उंच गेले. भारतीय खासगी कंपनीचे ते पहिले रॉकेट. तंत्र तपासणे हा त्याचा हेतू होता आणि तो साधला. पण उपग्रह कक्षेत टिकून राहतो तो आडव्या वेगामुळे. ५०० किलोमीटर उंचीवर हा वेग सेकंदाला सुमारे ७.६ किलोमीटर लागतो. विक्रम-एसने ध्वनीच्या सुमारे पाचपट वेग गाठला. कक्षेसाठी त्याच्या चार-पाच पट वेग हवा. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून दर किलोमागे ती सोळा ते पंचवीस पट लागते. ते इंधनही रॉकेटलाच वाहून न्यावे लागते. म्हणूनच रिकामे झालेले टप्पे वाटेत टाकून देतात.

अपयशही नीट वाचायला हवे. स्पेसएक्सचे ‘फाल्कन-१’ सलग तीनदा फसले. तिसऱ्या वेळी, ऑगस्ट २००८ मध्ये, इंजिन बंद झाल्यावरही थोडा रेटा उरला होता; त्यामुळे सुटलेला पहिला टप्पा दुसऱ्यावर आदळला. कारण नेमके सापडले, इंजिन बंद होणे आणि टप्पे सुटणे यांमधला वेळ वाढवला आणि सुमारे आठ आठवड्यांनी, २८ सप्टेंबरला, रॉकेट कक्षेत पोहोचले. व्हर्जिन ऑर्बिट या कंपनीचे उलट झाले: तिने आधी उपग्रह कक्षेत नेले होते. पण जानेवारी २०२३ मधले तिचे उड्डाण इंधनाची गाळणी निसटल्याने फसले. दोषाचा माग लागला, पण तिजोरी आटली होती. एप्रिलमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

म्हणून उड्डाणाची बातमी आली की भाव पाहण्याआधी तीन गोष्टी शोधाव्यात: वेग किती गाठला, बिघाडाचे कारण कंपनीने नेमके सांगितले का, आणि पुढच्या दोन उड्डाणांपुरता पैसा हाताशी आहे का. तिन्हींची उत्तरे मिळाली, तरच धीर धरण्यात अर्थ आहे.