लहरीपेक्षा लहान छिद्रातून

मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दाराच्या काचेत बारीक भोकांची धातूची जाळी बसवलेली असते. त्या भोकांतून आत फिरणारी वाटी दिसते, पण अन्न तापवणाऱ्या लहरी बाहेर येत नाहीत. खरे तर प्रकाश आणि मायक्रोवेव्ह दोन्ही विद्युतचुंबकीय लहरीच, फरक तरंगलांबीचा. ओव्हनमधल्या लहरीची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, भोक मात्र एक-दोन मिलिमीटरचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी जेमतेम ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे त्याला हे भोक हजारो पटींनी मोठे पडते.

पण मायक्रोवेव्ह जाळीवर आपटून सगळीच्या सगळी परत फिरते, असेही नाही. तिच्या तालावर धातूतले इलेक्ट्रॉन हलतात, भोकाच्या कडांशी विद्युतभार गोळा होतो आणि पलीकडच्या बाजूला विद्युतचुंबकीय क्षेत्र किंचित डोकावते. भोकाच्या व्यासाएवढ्या अंतरातच ते झपाट्याने विरते. हेच निकट-क्षेत्र. त्याच्या पुढे पोचणारी ऊर्जा किती, याचे गणित हान्स बेथे यांनी १९४४ मध्ये मांडले. लहरीपेक्षा बऱ्याच लहान भोकाचा व्यास निम्मा केला, तर त्यावर पडलेल्या ऊर्जेपैकी पार जाणारा वाटा थेट सोळाव्या हिश्श्यावर येतो.

इतक्या क्षीण क्षेत्राचा उपयोग काय? उत्तर सूक्ष्मदर्शकात आहे. तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन बिंदू भिंगातून वेगळे दिसत नाहीत, ही मर्यादा अर्न्स्ट अ‍ॅबे यांनी १८७३ मध्ये दाखवली. त्याहून बारीक तपशील वस्तूलगतच्या निकट-क्षेत्रात असतात आणि भिंगापर्यंत पोचण्याआधीच विरतात. मग भिंगाऐवजी छिद्रच वस्तूला जवळजवळ टेकवले तर? आयर्लंडचे एडवर्ड सिंज यांनी १९२८ मध्ये, आइन्स्टाइन यांच्याशी पत्रव्यवहार करून, हीच कल्पना प्रसिद्ध केली. छिद्र वस्तूवरून बिंदूबिंदूने सरकवायचे आणि प्रत्येक जागचा प्रकाश मोजून चित्र जुळवायचे. चित्राची स्पष्टता मग तरंगलांबीवर अवलंबून राहत नाही. छिद्र किती लहान आणि वस्तूच्या किती जवळ, यावर ती ठरते.

त्या काळी इतके लहान छिद्र करणे आणि ते इतक्या जवळ स्थिर धरणे कोणालाच जमण्यासारखे नव्हते. १९७२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात अ‍ॅश आणि निकोल्स यांनी ३ सेंटिमीटरच्या मायक्रोवेव्ह वापरून तरंगलांबीच्या साठाव्या भागाएवढे तपशील टिपले. दृश्य प्रकाशात हे साधायला ऐंशीचे दशक उजाडले. आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेत डीटर पोल यांच्या गटाने ते केले. पुढे बेल लॅब्समध्ये एरिक बेट्झिग यांनी ओढून निमुळत्या केलेल्या, अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या काचतंतूच्या टोकाचे छिद्र वापरून ही पद्धत धारदार केली.

बेथे यांच्या गणितालाही १९९८ मध्ये एक धक्का बसला. थॉमस एब्बेसन आणि सहकाऱ्यांनी चांदीच्या पातळ थरात लहान छिद्रांची नियमित रांगोळी मांडली. काही ठरावीक तरंगलांबींचा प्रकाश छिद्रांच्या एकूण क्षेत्रफळावर पडतो, त्याहूनही जास्त पार गेला. बेथे यांचे गणित एकट्या छिद्राचे होते. इथे धातूच्या पृष्ठभागावरून धावणाऱ्या इलेक्ट्रॉन-लहरी आजूबाजूला पडलेला प्रकाशही छिद्रांकडे वळवत होत्या.

सर्वांत व्यवहारी उपयोग मात्र छिद्राच्या उणिवेतूनच निघाला. प्रकाश पार जात नाही आणि तोंडाशीच विरतो, तर द्रवाने भरलेल्या छिद्रावर खालून प्रकाश टाकल्यास त्याच्या तळाचा इवलासा भागच उजळेल, वरचा द्रव अंधारात राहील. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००३ मध्ये या युक्तीने एकेका रेणूची हालचाल पाहिली. पॅसिफिक बायोसायन्सेस कंपनीच्या यंत्रांत आज अशा असंख्य छिद्रांच्या तळाशी डीएनएची प्रत तयार होते आणि तिथे जोडल्या जाणाऱ्या प्रत्येक घटकाच्या चमकेवरून क्रम वाचला जातो. २०२२ मध्ये जाहीर झालेला माणसाचा पहिला खऱ्या अर्थाने संपूर्ण जनुकीय आराखडा ज्या तंत्रांनी वाचला गेला, त्यांतले एक प्रमुख तंत्र हेच होते.